गाठीची चिठ्ठी

ही गोष्ट इतकी जुनी आहे की ज्या राज्यात ती घडली, त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तेव्हा लहानांनी ते विचारू नये आणि थोरांनी उगाच ठोकून सांगू नये.

तर एकदा, त्या राज्यात एक डोंगर होता. त्याचा माथा बारा महिने ढगात असे. पूर आला, आग लागली, वाळवी लागली तरी तिथवर काही पोचत नसे, म्हणून साऱ्या गावांनी आपापले जपण्याजोगे कागद त्या माथ्यावरच्या दगडी कोठारात ठेवले होते. कुणाचे शेताचे नकाशे, कुणाची औषधांची टिपणं. प्रत्येक गावाचे कागद कामाकामाप्रमाणे वेगवेगळ्या रुमालांत बांधलेले.

कोठाराची किल्ली असे डोंगराच्या पायथ्याशी, तुळसाक्का नावाच्या बाईच्या कमरेला. तिने ती आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. राजाने एकदा मागितली होती, त्यालाही दिली नव्हती. ज्याला कागद पाहायचा असेल त्याला ती एक चिठ्ठी लिहून देई. कोणता रुमाल आणि कोणत्या प्रहरापर्यंत, एवढंच त्यात असे. मग चिठ्ठीला भोक पाडून ती एक दोरा ओवी आणि दोऱ्याला गाठी मारी. कोणत्या अक्षराला किती गाठी, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक ती आणि दुसरा कोठाराच्या दारावरचा म्हातारा राखणदार.

राखणदार चिठ्ठी आणणाऱ्याचं नाव विचारत नसे, गाव विचारत नसे. चिठ्ठी वाचायची, गाठी मोजायच्या, वेळ पाहायची. तिन्ही जुळलं तर आपल्यापाशी असलेली दुसरी किल्ली लावून दार उघडायचं. वर ढगात सूर्य दिसत नसे, म्हणून सकाळी पायथ्याला शंख वाजला की तो घंगाळात भोकाची वाटी सोडी आणि तिच्या बुडण्यावरून प्रहर मोजी. खाली तुळसाक्काकडेही तशीच वाटी होती.

एका वर्षी पावसाळा सरता सरता आठ दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. नवव्या दिवशी दिवस उगवायला लिंबाजी पाथरवट लंगडत तुळसाक्काच्या दारात आला. त्याच्या गावाच्या डोक्यावर एक तलाव होता आणि तलावाचा बांध पाझरायला लागला होता. लिंबाजीने बांधाला कान लावून पाहिला होता. आजचा सूर्य मावळेपर्यंत बांध धरेल, पुढचं सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या आजोबांनी बांध घातला तेव्हा पोटात एक मोरी ठेवली होती आणि तिला दगडाचं बूच मारलं होतं. ते बूच काढलं तर पाणी जुन्या ओढ्याने निघून जाईल. पण बूच कुठे आहे ते नकाशातच होतं आणि नकाशा होता वर, ढगात.

"अक्का, किल्लीच द्या," लिंबाजी म्हणाला. "गावाचे सगळे रुमाल उचलून आणतो. मग हुडकत बसू."

"किल्ली मिळायची नाही," तुळसाक्का म्हणाली. "तुला एक कागद बघायचाय. एक कागद बघायची चिठ्ठी देते."

तिने लिहिलं: बांधाचा रुमाल, दुसरा प्रहर संपेपर्यंत. चढायला एक प्रहर, बघायला एक. लिंबाजीने आपल्या लंगड्या पायाकडे बोट दाखवून निदान संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. घरची माणसं बांधाखाली आहेत, तुम्हाला काय त्याचं, असंही तो रागाच्या भरात बोलून गेला. तुळसाक्काला ते लागलं. पण तिने लिहिलेलं बदललं नाही, गाठी मारल्या आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

आता त्या मुलखातली एक रीत सांगितली पाहिजे. अर्ध्या चढावर नवसाचं एक झाड होतं. मोठं काम घेऊन वर निघालेला माणूस आपल्याजवळचा दोरा त्या झाडाला बांधी आणि डोळे मिटून, हात जोडून उभा राही. त्या झाडाच्या दोऱ्याला हात लावायचं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. लिंबाजीने चिठ्ठीचा दोरा फांदीला बांधला, डोळे मिटले आणि गावातल्या एकेका घराचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा फांदीवर चिठ्ठी नव्हती.

ती नेली होती शेजारच्या गावच्या पाटलाने. नकाशाची चिठ्ठी निघाली एवढंच ऐकून तो पायथ्यापासून लिंबाजीच्या मागावर होता. मोरीचं पाणी ज्या ओढ्याने जायचं तो ओढा पाटलाच्या शिवारातून वाहत असे, आणि पाटलाने तो कधीच नांगरून शेतात घातला होता. मोरीचं बूच कुठे आहे ते एकदा कळलं की दर उन्हाळ्यात गुपचूप तलाव सोडायचा आणि आपलं शेत भिजवायचं, असा त्याचा बेत होता.

लिंबाजी रडत रडत उतरला. पहिला प्रहर संपत आला होता. त्याने घडलं ते सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिला. तुळसाक्काने वाटीकडे पाहिलं. दिलेली चिठ्ठी परत बोलावता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गाठींची खूण बदलावी म्हटलं, तर ती राखणदाराला कळवायला माणूस वर पोचेपर्यंत दुपार होणार, आणि आज दिलेल्या साऱ्याच चिठ्ठ्या फुकट जाणार. दुपारपर्यंत ती चिठ्ठी ज्याच्या हातात असेल, त्याची होती.

"चूक झाली अक्का," लिंबाजी म्हणाला. "आता माझ्यावर भरवसा ठेवा म्हणायलाही तोंड नाही."

"भरवसा तुझ्यावर आहेच," ती म्हणाली. "झाडावर नाही. ही घे दुसरी. आता हात जोडायचे ते चालता चालता."

दुसऱ्या चिठ्ठीत तिने लिहिलं: बांधाचा रुमाल, तिसरा प्रहर संपेपर्यंत. पुन्हा दोनच प्रहर. या वेळी लिंबाजीने जास्त मागितले नाहीत. दात आवळून तो चढायला लागला. पाय दुखून बधिर झाला तरी तो झाडापाशी थांबला नाही, पाण्यालाही थांबला नाही. खाली तुळसाक्का वाटीकडे बघत बसली. वाटी इतकी सावकाश बुडते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं.

आणि पाटील? चिठ्ठी हातात पडली तेव्हा तो अर्ध्या वाटेवर होता. तसाच चढला असता तर दुपारच्या कितीतरी आधी पोचला असता आणि मोरीचं गुपित त्याच्या हाती लागलं असतं. पण पाटलाने आपल्या मळक्या धोतराकडे पाहिलं. राज्याच्या कोठारावर, सोन्यासारखी चिठ्ठी घेऊन, पाटलाने पायी जायचं? लोक काय म्हणतील! तो खाली उतरला, घरी गेला, अंघोळ केली, जरीची पगडी घातली, जेवून घेतलं आणि मेण्यात बसला. भोई बिचारे चिखलात घसरत, धापा टाकत त्याला वर नेऊ लागले.

मेणा कोठारापाशी टेकला तेव्हा दुपार टळली होती. राखणदाराने चिठ्ठी वाचली, वाटीकडे पाहिलं आणि मुदत संपली म्हणून परत दिली. पाटलाने आधी नरमाईने घेतलं, मग डोळे वटारले. राखणदार जागचा हलला नाही. तेव्हा पाटील मेण्याआड गेला, चाकूने 'दुसरा' खरडून काढला, तिथे सुबक अक्षरात 'तिसरा' लिहिलं आणि भोयाकरवी चिठ्ठी पुन्हा पाठवली.

राखणदाराने गाठी मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.

"हीच अक्षरं मघाशी एकानं आणली होती," तो म्हणाला. "त्याच्या गाठी निराळ्या होत्या. पाटील, अक्षरं तुम्ही लिहाल हो. गाठी कुठून आणाल?"

त्याच वेळी कोठाराचं दार उघडलं आणि लिंबाजी बाहेर आला. राखणदाराच्या हातातली आपली चिठ्ठी त्याने ओळखली आणि समोर पाटील पाहून चोर कोण ते त्याला कळलं. त्याचे हात शिवशिवले, पण भांडायला त्याच्यापाशी वेळ नव्हता. नकाशा डोक्यात पक्का करून तो पाटलाच्या अंगावरून पुढे गेला आणि उतरणीला लागला.

सूर्य मावळायला चार हात उरला असताना लिंबाजी बांधावर उभा होता. नकाशात होतं तसं मासा कोरलेल्या दगडापासून सात पावलं मोजली, गावकऱ्यांनी माती उपसली, बूच दिसलं. लिंबाजीने पहिला घण घातला. अकराव्या घावाला बूच फुटलं, मोरी गर्जली आणि बांधावरचा भार उतरू लागला. दिवेलागणीला पाझर थांबला. गावातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. लिंबाजी आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसला आणि बराच वेळ तिथून उठला नाही.

मोरीचं पाणी मात्र आपल्या जुन्या ओढ्याने निघालं. ओढा नांगरला होता हे पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाटलाचा मेणा शिवाराच्या वेशीवर आला तेव्हा त्याचं उभं पीक तलावाच्या पाण्याबरोबर वाहत चाललं होतं. त्याला तलावाचं पाणी शेतात हवं होतं, ते आलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी दोन्ही पाय दुखत असताना तुळसाक्काकडे गेला आणि बोललेल्या शब्दांची माफी मागितली. संध्याकाळपर्यंतची मुदत दिली असती तर काल पाटील आत गेला असता, असं तो स्वतःच म्हणाला. मुदत संपलेली चिठ्ठी त्याने तिच्यासमोर ठेवली. तुळसाक्काने दोरा सोडवून घेतला आणि कागदाची पाठ कोरी होती म्हणून तो लिहायला ठेवून दिला. मग तिने कमरेची किल्ली चाचपून पाहिली आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला विचारलं, कोणता कागद हवा आणि किती वेळ.

लहानथोरांनो, गोष्टीतून घरी न्यायचं ते एवढंच: भरवसा द्यावा तो कामापुरता आणि वेळेपुरता, किल्ली आपल्या कमरेलाच ठेवावी.