बोटभर विरजण

"बाबा, याच गोळ्यांनी गल्लीतल्या नऊ बायांची उन्हाळी थांबली. मग माझ्याच सुनेची का थांबंना?"

दौलतशाबाबा आपल्या फकिरी मठीच्या, तकियाच्या ओट्यावर शेळीसाठी पाला खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शेवंताबाई त्यांची बारा वर्षांची शिष्यीण. दर गुरुवारी मडक्यातून दही आणायची. त्या गुरुवारी दह्याबरोबर एक पत्र्याचा डबाही होता. मी तिच्याच गल्लीतली, ओट्याच्या पायरीशीच बसले होते, म्हणून सांगते.

"सून कुठंय, बेटी?"

"सरकारी दवाखान्यात. पाचवा महिना तिला. आधी नुसती लघवीला आग, मग कंबर धरली, आता हुडहुडी भरून ताप. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. म्हणतात, आतल्या जंतूंना नेहमीच्या गोळ्या लागूच पडत नाहीत. लेकराचं काय होईल, देव जाणे..."

"गोळ्या पहिल्यांदाच दिल्यास?"

"छ्या! वर्षात तीनदा. दुकानातून सात दिवसांच्या आणायची, पण तीन दिवस घेतल्या की आग थांबायची. उरलेल्या मी या डब्यात ठेवायची. कुणी बाई अवघडून दारात आली की दोन तिला, चार हिला. फुकट हो! असलं दुखणं बाई कुणापुढं बोलती? माझ्यापुढं बोलती."

हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली.

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस हे?"

तिनं डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"त्यांनी विचारलं नाही?"

"दोनदा विचारलं. आधी काय दिलं, किती दिवस दिलं."

"मग?"

"म्हटलं, नुसतं धण्याचं पाणी दिलं."

बाबा पोट धरून हसले. शेळी दचकली.

"हसू नका, बाबा! गल्लीत कळलं तर कुठं तोंड दाखवू? तुम्ही या गोळ्यांवर एक फुंकर घाला. नाहीतर अंगारा तरी द्या."

बाबांनी मडकं पुढ्यात ओढलं.

"हे दही कशानं लावलंस?"

"सासूबाईंच्या विरजणानं. चाळीस वर्षं मोडू दिलं नाही. अख्खी गल्ली माझ्याकडूनच विरजण नेते."

"तेही तुझ्याकडूनच..."

बाबांनी सगळं दही आपल्या कटोऱ्यात ओतलं. मग मडक्यात बोट घालून चारी अंगांनी निपटलं.

"संपलं?"

"संपलं की."

"बघ नीट."

शेवंताबाईनं मडकं उन्हाकडं धरलं. "काठाला जरासं चिकटलंय. मुंगीला पुरायचं नाही."

"उद्या यात दूध ओतलंस तर?"

"लागेल."

"किती?"

"मडकंभर..."

"माझ्या बोटाला आलं ते गेलं. न आलेलंच ना उद्या मडकंभर होणार?"

शेवंताबाई मडक्याकडं बघत राहिली. मग डब्याकडं. मग पुन्हा मडक्याकडं.

"म्हणजे दही लावू नको? का गोळ्याच खोट्या? त्या नऊ जणी तर हसत घरी गेल्या, बाबा. मी पुण्यच केलं ना? ...केलं ना?"

बाबा पाला खुडत राहिले.

"त्या नऊ जणी... परत आल्या होत्या का गं माझ्याकडं?" हे तिनं मलाच विचारलं.

पाच जणींना तर मीच दोनदा तिच्या दारात पाहिलं होतं. मी पदर तोंडाला लावला.

शेवंताबाई गोंधळून उभी राहिली. डोळे भरले होते, पाय कुठं वळवावा कळत नव्हतं. शेवटी तिनं नेहमीसारखा उजवा तळवा पुढं केला.

"काही उमजंना, बाबा. अंगारा द्या. सुनेच्या कपाळाला लावते."

बाबांनी अंगाऱ्याच्या वाटीला हात लावला नाही. पत्र्याचा डबा उचलला आणि तिच्या तळव्यावर ठेवला.

"हा घे अंगारा. कपाळाला लावू नकोस. दवाखान्यात जिनं दोनदा विचारलं, तिच्या हातावर ठेव."