तानूबाईची निळी भिंत

"मास्तर, तुम्हीच सांगा, ही भिंत खोटी नाही का?"

शार्दूलचा आवाज चढला होता. पुण्याला सिनेमा शिकून आलेला हा गडी नववास्तववाद कोळून प्यायला होता. खरी जागा, खरी माणसं, खरा उजेड, रोजचं जगणं... सगळं तोंडपाठ. म्हणून तर त्याने नटी घेतलीच नव्हती. इचलकरंजीत मागावरच्या सुताच्या कांड्या भरणारी तानूबाई निवडली होती. तिचंच घर, तिचंच काम.

आणि बाईने काय करावं? शूटिंग म्हणून आदल्या दिवशी भिंतीला निळा रंग दिला, आणि लेकीच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून दारात उभी राहिली!

शार्दूलने भिंतीला काजळी फासायला लावली. भाड्याने आणलेलं फाटकं लुगडं तिच्यापुढे धरलं.

"पावण्यांम्होरं फाटकं नेसू व्हय?" एवढंच बोलून ती आत गेली. कडी लागली.

कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. तानूबाई नाही तर सिनेमा नाही. रडकुंडीला येऊन शार्दूलने बाळोजी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तरांचं उभं आयुष्य कॅमेऱ्यामागे गेलेलं.

त्यांनी काजळी पुसत निळ्या भिंतीवरून हात फिरवला. "रंग कुणी दिला?"

"तिनंच."

"कशापायी?"

"आपण येणार म्हणून."

"मग ह्यात खोटं काय हाय?"

शार्दूलने हातातलं फाटकं लुगडं घडी करून बाजूला ठेवलं.

मास्तरांनी पायताण काढलं, दार वाजवलं. "तानूबाई, पावनं आलोय. च्या मिळंल का?"

कडी निघाली.

शार्दूल त्यांच्या मागोमाग आत गेला. "मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला. त्याला खरोखर लाज वाटत होती.

"ऱ्हाऊ दे. बसा की."

बोलता बोलता तिने कांड्यांची टोपली पायानेच खाटेखाली सरकवली. उसवलेल्या गोधडीवर चादर पसरली. शेजारणीकडून कपबशा आणल्या. दोघांना चहा दिल्यावर तिसरा कप नव्हता, तेव्हा म्हणाली, "मला च्या सोसत न्हाई."

चहा झाला.

"घ्या आता फोटू," तानूबाई हसली. "पर ह्याच लुगड्यात, सांगून ठिवते."

शार्दूलचा जीव भांड्यात पडला. त्याने घाईघाईने कॅमेरा दारापाशी लावला, आणि तिथेच अडला.

"पण मास्तर," तो कुजबुजला, "हिची गरिबी आता दिसणार कशी?"

तानूबाई अजून खाटेवरची चादर ओढून ओढून पुरवत होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले...

"झाकलंय ते झाकलेलंच ऱ्हाऊ दे, लेका. झाकणारे हात घे."