कुडेवणची सांगणी

सूर्य डोंगराआड जायच्या सुमाराला तुम्ही कुडेवणला पोचलात, तर गावात शिरण्याआधी ओढ्याकाठी एक भलीमोठी सपाट शिळा दिसते. तिच्यावर बायका बसलेल्या असतात. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या ओटीत निवडायची भाजी. एक म्हणते, "आज टाकळा करायचाय. लसूण आधी चांगला लाल होऊ द्यायचा, मगच भाजी टाकायची, नाहीतर उग्र लागतो." दुसरी हुलग्याच्या शेंगोळ्यांना आधण किती ठेवायचं ते सांगते. थंडीत पावट्याची आमटी, उन्हाळ्यात आंबील आणि कैरीचं सार, पावसाळ्यात रानातल्या भाज्या. रात्री जे रांधायचं ते आधी इथे बोलायचं आणि पुरतं बोलायचं. एखादीनं सांगताना वाटणातलं काही गाळलं, तर म्हाताऱ्या तिथल्या तिथे टोकतात. गावात ह्याला सांगणी म्हणतात. चुली पेटतात त्या सांगणी झाल्यावर.

नव्या पाहुण्यांना गंमत वाटते. मग गुरवांचे सावळाराम आजोबा त्यांना शिळेच्या कडेला बसवून घेतात आणि म्हणतात, हसू नका. ह्याच शिळेभोवती एके काळी सगळं गाव दुपारपासून दिवेलागणीपर्यंत श्वास रोखून बसलं होतं.

किती वर्षं झाली ते कुणी सांगू शकत नाही. तेव्हा गावात वीस-बावीस घरं होती म्हणे. सलग दोन साल पाऊस दगा देऊन गेला. माघ सरेपर्यंत नाचणीच्या कणग्या रिकाम्या झाल्या. गडीमाणसं धान्य शोधायला घाटाखाली उतरली. त्यांतली बरीच परतली नाहीत. रानात भाजीचा पाला उरला नव्हता. जमिनीखाली एकच गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे कडूकंद. पण त्याच्या वाटेला कुणी जात नसे. कच्चा काय, उकडलेला कडूकंदही माणसाला मारतो, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

फक्त एका घराला तो रांधता येई. गोदाक्काच्या.

गोदाक्का विधवा होती, करारी होती, आणि ही विद्या तिच्या घरात सासूकडून सुनेकडे चालत आली होती. पोटच्या लेकीलाही ती सांगायची नसे, कारण लेक दुसऱ्याच्या घरी जाते. सून म्हणून येसू उंबरा ओलांडून आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी गोदाक्कानं तिचा हात गरम चुलीवर ठेवला आणि आण घातली: "हे घराबाहेर गेलं, तर ही चूल विझंल आन् तुझी कूस उजवणार न्हाई." येसू तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या दुष्काळात ती वीस वर्षांची होती, नवरा घाटाखाली गेलेला, आणि तिला सहावा महिना लागला होता. आण तिला रोज आठवत असे.

तिच्या भिंतीला भिंत लागून ठमीचं घर. दोघी एकाच वर्षी ह्या गावात नांदायला आलेल्या. एकमेकींच्या चुलीतला विस्तव नेणाऱ्या, एकमेकींचे केस विंचरणाऱ्या. ठमीला पाच वर्षांची बायो नावाची मुलगी होती. भुकेनं तिचे डोळे मोठे दिसायला लागले होते.

एके दिवशी ठमी भिंतीपाशी आली. "येसू, तुमच्या घरातनं धूर निघतोय रोज. कंदच शिजवताय ना? काय करता त्याला? सांग की गं."

येसूनं मान खाली घातली.

"बायोसाठी मागते. दुसऱ्या कुणाला कळू द्यायची न्हाई."

येसूच्या तोंडाशी शब्द आला होता, असं सांगतात. तेवढ्यात पोटात बाळ हललं. ती म्हणाली, "आत्याबाईंना विचारून सांगते." तिनं काही विचारलं नाही. संध्याकाळी तिनं आपल्या वाटणीतला मूठभर शिजलेला कंद पदराखाली नेऊन बायोला भरवला आणि तेवढ्यानं आपल्या मनाची समजूत घातली.

पण ठमी हुशार होती. भिंतीवरून तिला दिसलं होतं की गोदाक्का कंदाच्या चकत्यांना चुलीतली राख चोळते. तिला वाटलं, हेच ते. दोन दिवसांनी ती रानात गेली, टोपलीभर कंद खणून आणले, चकत्या केल्या, राख चोळली, धुतल्या, शिजवल्या. दुपारी नवऱ्याला, राघोला वाढलं. बायोला वाढलं. बाईनं सगळ्यांच्या मागून जेवायचं ही तेव्हाची रीत. ठमी वाढत राहिली. दोघांनी इतक्या दिवसांनी पोटभर खाल्लेलं बघून ती हसली आणि स्वतःसाठी उरलेलं वाढून घ्यायला वळली. तेवढ्यात बायो म्हणाली, "आये, माझी जीभ जळतीय."

दिवेलागणीपर्यंत दोघंही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव गोदाक्काच्या अंगणात उभं होतं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात दगड. ह्यांनी रानावर करणी केली, ह्यांच्याच घरी कंद गोड कसा होतो, असा गलका. सगळ्यांच्या पुढे मानाजी नाईक, गावचा कारभारी. तो वाईट माणूस नव्हता, पण पंधरा दिवसांत त्यानं सात माणसांना मसणात पोचवलं होतं आणि त्याचा आवाज कोरडा पडला होता.

"गोदाक्का," तो म्हणाला, "आजच्या आज गाव सोडा. न्हाईतर ह्या लोकांना मी आवरू शकत न्हाई."

गोदाक्का दारात ताठ उभी राहिली. येसू तिच्या मागे होती. तिला गर्दीत ठमी दिसली. ठमी ओरडत नव्हती, रडत नव्हती. ती नुसती येसूकडे बघत होती. येसूला ते बघणं सोसवेना. ती सासूला ओलांडून पुढे आली.

"करणी न्हाई," ती म्हणाली. "रीत हाय. म्या सांगते."

"येसू!" गोदाक्का ओरडली. "चुलीची आण हाय तुला!"

"ठाऊक हाय आत्याबाई." येसूचा एक हात पोटावर होता. "पर बायो गेली."

मग तिनं भर अंगणात, सगळ्यांदेखत सांगितलं. नखाएवढ्या पातळ चकत्या करायच्या. राख चोळून दुपारभर उन्हात ठेवायच्या. मग पाटीत घालून वाहत्या पाण्यात तीन रात्री दगडाखाली दाबून ठेवायच्या. मग उकळून ते पाणी फेकून द्यायचं.

कुणाचा विश्वास बसेना. एक जण म्हणाला, ही आपल्याला सगळ्यांना मारणार. मानाजीनं हात वर करून गलका थांबवला. मग म्हणाला, "चार घरांत लोकांनी कंद खणून ठेवलेत. भूक आता कुणाचं ऐकत न्हाई. उद्यापर्यंत कसंतरी आवरतो, परवा दुपारी ती घरं शिजवतील, रीत कळो न कळो. ठमीच्या टोपलीत उरलेले कंद घे. ओढ्याकाठी, सगळ्यांसमोर रांध. आन् तूच खा."

"तीन रात्री लागतात," येसू म्हणाली. "परवापर्यंत दोनच होतील."

"मग दोन."

येसूनं त्याच दिवशी चकत्या केल्या. दुपारभर उन्हात ठेवल्या आणि पाटी ओढ्यात दाबली. ओढा त्या साली बोटाएवढा उरला होता. एरवी ह्याच पाण्यात पाटी डोलायची, आता पाणी तिच्या कडेनं जेमतेम सरकत होतं. ते दोन दिवस येसू पाटीपाशी बसून राहिली. हातानं पाणी हलवायची, चकत्या वरखाली करायची. बोटं पांढरी पडली. गोदाक्का एकदाही तिकडे फिरकली नाही. घरात ती चुलीकडे पाठ करून बसली होती, असं सांगतात.

तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, ह्या शिळेवर तीन दगडांची चूल मांडली गेली. गाव भोवती गोळा झालं. येसूनं मडक्यात चकत्या घातल्या, उकळू दिल्या, पाणी ओतून दिलं, चकत्या पानावर काढल्या. त्यांचा वास घरच्यासारखाच येत होता. तरी काहीतरी वेगळं वाटत होतं; काय ते तिला उमगेना. तिनं एक चकती उचलली. ती तोंडाशी नेली.

"थांब!"

गर्दी फाकली. गोदाक्का धापा टाकत पुढे आली आणि तिनं येसूच्या हातावर चापट मारून ती चकती खाली पाडली.

"पुरी न्हाई ती," गोदाक्का म्हणाली. "म्या तुला पुरी शिकवलीच न्हाई. पहिलं पाणी टाकलं, की मी तुला घागर देऊन पाण्याला धाडायचे. आठवतं? तू गेलीस, की म्या चिंचेचा पाला घालून पुन्यांदा उकळायचे, आन् तेबी पाणी फेकून द्यायचे. तुला पहिलं मूल होईस्तोवर सांगायचं न्हाई, असं माझ्या सासूनं मला सांगितलं हुतं."

येसू सासूकडे बघत राहिली. तीन वर्षं ती घागर घेऊन जात होती आणि आपल्याला सगळं येतं असं समजत होती. त्याच अर्ध्या विद्येसाठी तिनं ठमीला नाही म्हटलं होतं.

ठमीच उठली. ओढ्यापलीकडच्या चिंचेचा पाला ओरबाडून आणला आणि मडक्यापाशी ठेवला.

चकत्या पुन्हा उकळल्या. पुन्हा पाणी ओतलं. गोदाक्कानं पानाकडे हात नेला. म्हणाली, "दोन रात्रींचा कंद माझ्या सासूनंबी कधी खाल्ला न्हाई. काय हुईल ते मला ठाऊक न्हाई. मी म्हातारी हाय, मला खाऊ दे. तुझ्या पोटात जीव हाय."

येसूनं तिचा हात धरला. "रांधलं म्या, आत्याबाई. ठमीनं रांधलं, पर तिच्या आधी घरातली दोघं जेवली. पहिला घास माझा."

तिनं खाल्लं. एक चकती, मग दुसरी, मग पानावरची सगळी. मानाजीनं वर बघितलं. सूर्य डोक्यावर होता. राघोनं ह्याच वेळी खाल्लं होतं. म्हणजे दिवेलागणीपर्यंत बघायचं.

गाव बसलं. शिळा तापली तरी कुणी सावलीला गेलं नाही. थोड्या वेळानं येसूला वाटलं, जिभेचं टोक चुरचुरतंय. तिनं जीभ दातांवर घासली. खरंच चुरचुरतंय की भीतीनं वाटतंय, ते कळेना. कपाळावर घाम आला. बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, डोळे बघा तिचे. पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि वाट बघत राहिली.

तेव्हा ठमी समोर येऊन बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"परत सांग."

"काय?"

"रीत. पहिल्यापासनं. हळू सांग. माझ्या ध्यानात राहायला पाहिजे."

येसूनं सांगितलं. नखाएवढ्या चकत्या. राख, ऊन. वाहतं पाणी, तीन रात्री. पहिलं पाणी फेकायचं. चिंचेचा पाला, दुसरं पाणीही फेकायचं. ठमी एकेक शब्द पुटपुटत गेली आणि संपल्यावर म्हणाली, "परत." येसूनं परत सांगितलं. मागच्या बायका सरकत सरकत पुढे आल्या. त्यांचेही ओठ हलायला लागले. कुणी म्हणतात सात वेळा सांगितलं, कुणी म्हणतात अकरा. चुकलं तिथे गोदाक्का दुरुस्त करायची. सांगता सांगता ऊन उतरलं, सावल्या ओढ्यापार गेल्या, देवळात गुरवानं दिवा लावला. आणि तो दिवा दिसला त्याच घटकेला येसू बोलता बोलता थांबली.

"हललं," ती म्हणाली, आणि ठमीच्या खांद्यावर डोकं टेकून तिला रडू फुटलं. ठमीही तेव्हाच रडली, दोन दिवसांनी, पहिल्यांदा.

चार घरांतल्या कंदांच्या पाट्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओढ्यात गेल्या, आणि ह्या वेळी तिन्ही रात्री कुणी घाई केली नाही. त्या उन्हाळ्यात कुडेवणात पुढे भुकेनं कुणी मेलं नाही असं सांगतात. येसूचा नवरा घाटाखालून परत आला का, ह्याबद्दल दोन मतं आहेत. तिला मुलगा झाला की मुलगी, ह्याबद्दलही दोन मतं आहेत. पण कूस उजवली, ह्यावर सगळ्यांचं एकमत आहे. ठमी राघोला आणि बायोला कधी विसरली नाही, आणि तिनं येसूला माफ केलं की नाही तेही कुणी ठामपणे सांगत नाही. एवढं मात्र खरं, की त्यानंतर रोज संध्याकाळी ती शिळेवर येऊन बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारायची, आज काय रांधणार, कसं रांधणार. साधं वरण असलं तरी विचारायची.

सावळाराम आजोबा इथे थांबतात. तोवर अंधारायला लागलेलं असतं आणि कुणीतरी पाहुण्यांना आग्रहानं घरी जेवायला नेतं. ताटं मांडली जातात, भाकरी वाढली जाते, वाफाळती भाजी समोर येते, तरी घरातलं कुणी ताटाला हात लावत नाही. रांधणारी परगावाहून नुकतीच नांदायला आलेली सून असेल, तर ती सगळ्यांना वाढून भिंतीशी उभी राहते आणि बावरून एकेकाच्या तोंडाकडे बघते.

तेव्हा आजही कुडेवणातली सासू आपल्या शेजारचा पाट पुढे सरकवते आणि म्हणते, "बस बाई. आधी तू."