कुणापेक्षा ज्ञानी?

स्वतःचं मानपत्र स्वतःच सांगून लिहून घेणारी माणसं असतात. प्राचार्य घैसास त्यांतलेच. त्यांच्या एकसष्टीचं इंग्रजी मानपत्र ते स्टाफरूममध्ये सांगत होते आणि इंग्रजीच्या हंगामी प्राध्यापिका वृंदा मोघे मुकाट्याने लिहीत होत्या. 'अधिक ज्ञानी' याचं इंग्रजी लिहून त्यांनी पुढे जागा सोडली, तसे घैसास सगळ्यांदेखत कडाडले, "इंग्रजीत साधी तुलना लिहिता येत नाही? कोण कायम करणार तुम्हाला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येते, सर. फक्त कुणापेक्षा, तेवढं सांगा."

"या संस्थेतल्या प्रत्येकापेक्षा!"

"लिहिते. पण मानपत्र वाचणार संस्थेचे अध्यक्ष. ते स्वतःच्या तोंडाने हे वाचतील?"

घैसास चपापले. "बरं, अध्यक्ष सोडून."

"आणि शेजारी बसणारे विश्वस्त?"

"तेही सोडा."

"खाली सह्या करणारे हे सगळे प्राध्यापक?"

सगळे प्राध्यापक घैसासांकडेच बघत होते. "मग... विद्यार्थ्यांपेक्षा लिहा!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "प्राचार्यांना पोरांपेक्षा जास्त कळतं, हे लेखी द्यायला हवं, इतकी शंका कुणाला आलीय, सर? आपल्यालाच?"