पुरानं आणलेलं झाड

फार पूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात गेनबा नावाचा सुतार राहत होता. त्याच्या कोरीव कामाची कीर्ती पंचक्रोशीत होती. त्यानं कोरलेले मोर पाहून रानातले मोर ओरडतात, असं लोक म्हणत. गेनबा हसून ऐकून घेई. खोटं आहे, असं काही म्हणत नसे.

एका वर्षी महापूर आला. निम्मं गाव वाहून गेलं. गावाच्या टोकाला ऐनाचं एक जुनं झाड होतं. नऊ माणसांनी स्वतःला दोरखंडानं त्याच्या बुंध्याशी बांधून घेतलं, म्हणून ती वाचली. गेनबा त्या नवांतला एक.

पाणी ओसरलं, गाव पुन्हा उभं राहिलं. नवी चावडी बांधली, पण तिची मोठी भिंत रिकामीच होती. पाटील म्हणाले, "गेनबा, या भिंतीवर असं काही कोरून लाव, की येणाऱ्याची पावलं थबकली पाहिजेत."

"त्याला लाकूडही तसंच लागतं, पाटील. रुंद, एकसंध."

"मग ते ऐनाचं झाड आहे की! उद्याच पाड."

गेनबाच्या डोळ्यांपुढे अख्खं शिल्प उभं राहिलं. असं लाकूड जन्मात एकदाच हाती लागतं! सकाळी तो झाडापाशी गेला. पाय रोवून त्यानं कुऱ्हाड उचलली, आणि त्याची नजर सालीवर पडली. त्याच्या छातीच्या उंचीवर दोरखंडाचा वळ उमटला होता.

त्यानं मान वर केली. शेंडा धुक्यात हरवला होता. नदी अंगावर आली, तरी हे झाड हललंसुद्धा नव्हतं. गेनबाच्या अंगावर काटा आला. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि बुंध्याला डोकं टेकलं.

"पाडलं का?" घरी बायकोनं, सगुणानं विचारलं.

"हात धजला नाही."

"मग भिंतीला काय लावणार?"

गेनबा तसाच नदीवर गेला. पुरानं आणून टाकलेल्या ओंडक्यांचा तिथं ढीग होता. मोडके खांब, तुळया, उन्मळलेली झाडं. लोक त्यातलं सरपण नेत. गेनबानं एक ओंडका पटाशीनं खरवडला. चिखलाखाली हळदीसारखं पिवळं फणसाचं लाकूड निघालं. दुसरा खैर, लालबुंद. तिसरं काळंभोर शिसव.

पाटील भडकले. "चावडीला सरपण लावणार? गावाचं हसं झालं, तर पुन्हा तुला कुणी काम देणार नाही!"

"कबूल," गेनबा म्हणाला.

सहा महिने तो राबला. लाकडात खिळे होते, वाळू रुतली होती. पटाशांची धार जाई. नेहमीचे मोर काही केल्या जमेनात. हवी तिथं गाठ आणि नको तिथं भेग! शेवटी त्यानं आपला हट्ट सोडला. लाकडाच्या रेषा जिकडे वळतील, तिकडे त्याचा हात वळू लागला. खांब-तुळयांवरच्या जुन्या खाचाही त्यानं तासून टाकल्या नाहीत.

सगळे तुकडे भिंतीवर बसले, तेव्हा गाव गोळा झालं. समोर नुसतं धुळकट लाकूड दिसत होतं. पाटलांनी तोंड वाकडं केलं. तेवढ्यात सगुणानं जवसाच्या तेलाचा बोळा भिंतीवरून फिरवायला सुरुवात केली.

पिवळा, लाल, काळा रंग आतून उजळत वर आला. भिंतभर एक झाड उभं होतं. खाली लाकडाच्या रेषांचं पाणी घुसळत होतं, आणि बुंध्याला बिलगलेली नऊ माणसं होती.

मग एक म्हातारी पुढं आली. एका फांदीवरच्या खाचेवरून तिनं बोट फिरवलं. "ही आमच्या म्हशीच्या साखळीची खाच! हा माझ्या गोठ्याचा खांब आहे रे!"

मग कुणाला आपली चौकट सापडली, कुणाला पाळणा टांगायची तुळई. गावाचे हात भिंतीवरून फिरू लागले. पाटलांनाही मुळांपाशी आपल्या ओसरीचा खांब सापडला. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

गेनबा मागे सरकून पाहत होता. त्यानं हळूच विचारलं, "सगुणा, हे मी केलं?"

"तुम्ही एकट्यानं नाही," ती म्हणाली.

तात्पर्य: ज्यानं तारलं, त्याच्यावर घाव घालू नये; घडवणाऱ्याला मोडक्यातोडक्यातही पुरून उरेल इतकं सापडतं.