राखलेले पाट

फार जुनी नसली, तरी विसरली गेलेली ही गोष्ट. एका मोठ्या संगणकात दूरदूरच्या माणसांचे प्रोग्राम कामाला बसत. त्याचे कोअर आठ, म्हणजे पंगतीचे आठ पाटच म्हणा; पाट मिळेल त्याचंच काम पुढे सरके. पाट कुणाला द्यायचा, ते कारभारी ठरवी.

एका साध्या सोमवारी बातमी आली, की बारा वाजता संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होणार आणि जतन न केलेलं सगळं पुसलं जाणार. सहा पाट नकाशे काढणाऱ्या बड्या प्रोग्रामच्या, नकाशेबुवांच्या, नावाने राखलेले होते, आणि बुवा अजून आलेले नव्हते. उरलेल्या दोनांवर झुंबड उडाली.

"कारभारीदादा, घटकाभर टेकू द्या," पत्रं लिहिणारी लेखणी म्हणाली. "माझ्याकडून लिहून घेणाऱ्या बाईंचं पत्र जतन करायचंय. सहा पाट रिकामे आहेत."

"रिकामे नाहीत, राखलेले आहेत."

"बुवा आले की उठेन."

"जेवत्याला उठवू? ती रीत नव्हे."

लेखणी उभीच राहिली. कारभाऱ्याची नजर दारावरून घड्याळावर आणि घड्याळावरून दारावर जात होती. बाराचा पहिला ठोका पडला तेव्हा तो म्हणाला, "बस, लेखणी." ती बसेपर्यंत अंधार झाला.

संगणक पुन्हा उजळला, तेव्हा लेखणीपुढे कोरा कागद होता.

"काय होतं पत्रात?" कारभाऱ्याने विचारलं.

"ते बाईंना ठाऊक. त्या पुन्हा आल्या नाहीत."

नकाशेबुवा शनिवारीच दुसऱ्या संगणकावर गेल्याचं नंतर कळलं. सहा पाटांवरचं त्यांचं नाव पुसायचं मात्र अजून राहिलंच आहे.