ट्रॉलीचा मागचा दिवा

घाट जिथून चढायला लागतो, तिथं पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात मल्हारी तांबवे नावाचा माणूस राहायचा. त्याच्याकडे ट्रॅक्टर एक, ट्रॉली एक, आणि भीती मात्र दोन ट्रॉल्या भरून होती. भट्टीवरच्या विटा भरायच्या आणि पहाटेच घाट चढून वरच्या शहरात पोचवायच्या, हा त्याचा धंदा. त्याची बायको गिरजा त्याच शहरातल्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तीही रोज सकाळी आपल्या स्कुटीवरून त्याच घाटानं जायची.

थंडीत त्या घाटात असं धुकं उतरायचं की आपलाच हात पुढं केला तर तो दुसऱ्या कुणाचा वाटावा. घाटाच्या मधोमध एक वळण होतं. फार पूर्वी तिथं एक सायकलवाला पुढच्या बैलगाडीवर आदळून मेला होता. गाडीवानानं रॉकेल वाचवायला कंदील विझवला होता. तेव्हापासून तो सायकलवाला जाणाऱ्यायेणाऱ्याच्या गाडीवर मागं येऊन बसतो, असं लोक सांगायचे. तो बसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो मेला कशानं, हे सांगायला मात्र कोणी थांबत नसे. माणसाची जातच तशी. भूत लक्षात राहतं, कंदील राहत नाही. म्हणून प्रत्येक गाडीवाला त्या वळणावर उतरायचा, नारळ फोडायचा आणि मागं न बघता निघायचा.

त्या साली पावसाळा सरला आणि मल्हारीच्या ट्रॉलीचे मागचे दिवे चळले. डावीकडं वळायची खूण द्यावी, तर दोन्हीकडचे लाल दिवे डोळे मिचकावल्यासारखे लुकलुकायचे. ब्रेक दाबला की दिवा उजळायचा सोडून विझायचा. सपाट रस्त्यावर काळोख, आणि खड्ड्यात चाक गेलं की मागं एकदम लाल उजेड. मल्हारी मान वळवून बघायचा, तोवर उजेड गेलेला असायचा.

एकदा दिवेलागणीला तो ओट्यावर बसला होता. ट्रॉली अंगणात ट्रॅक्टरला जोडून उभी होती. इंजिन बंद. वारं पडलेलं. माणूसकाणूस आसपास नाही. आणि गोठ्याच्या भिंतीवर हळूहळू लाल उजेड चढायला लागला. जरा वेळ तो तसाच राहिला, मग बारीक झाला, आणि गेला. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मल्हारीनं गिरजेला हाक मारली आणि काय दिसलं ते सांगितलं.

"दिव्याची कळ चालू राहिली असंल," गिरजा आतून म्हणाली.

"कळ चालू असली तर दिवा लागून राहील. हा येतो आणि जातो."

"मग कुठंतरी वायर सैल आहे. आमच्या शाळेतला मिक्सर असाच करत होता. वायर घट्ट केली, गप झाला."

"मिक्सरवर कोणी येऊन बसत नाही, गिरजे."

गिरजा बाहेर आली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "अहो, कोण बसलंय ते मला माहीत नाही. पण मागनं येणाऱ्याला तुमची ट्रॉली दिसली पाहिजे. मी पण त्याच रस्त्यानं जाते की."

बाईनं लाखमोलाची गोष्ट सांगितली होती. पण घरातल्या माणसाचं ऐकलं तर आपला मोठेपणा कमी होतो, असं मानणारे लोक असतात, त्यातला हा एक. तो गेला भगताकडं. भगतानं डोळे मिटले, उघडले, आणि सांगितलं, "दर अमावास्येला ट्रॉलीच्या हुकावर नारळ फोड." मल्हारीनं फोडला. एक नाही, चांगले पाणीदार बघून फोडले. हुकावरून पाणी खाली ओघळलं, त्यानं हात जोडले.

दिवे सुधारले नाहीत. जास्तच चळले. आता ते धुक्यात आपल्या मनानं दोनदा लुकलुकायचे, थांबायचे, पुन्हा लुकलुकायचे. मागून कोणी हाक मारत असावं तसं मल्हारीला वाटायचं. त्याची झोप उडाली, जेवण जाईना. ट्रॅक्टरवर बसला की पाठ गार पडायची.

शेवटी त्याला एक अक्कल सुचली. ट्रॉलीचे दिवे ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटमधून चालतात. त्यानं पिन उपसली, वायर गुंडाळली आणि फळीखाली खुपसून दिली. दिवाच नाही, तर तो लुकलुकेल कसा? आणि खरंच, भूत गेलं. मागं नुसता काळोख, शांत, गुमान. मल्हारी त्या दिवशी पोटभर जेवला.

"झाले का दिवे?" गिरजानं विचारलं.

"झाले."

"दोन्ही?"

"दोन्ही. आता पुन्हा तो विषय काढू नकोस."

तिला बरं वाटलं. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली, आणि ती त्यानं खाल्ली. मला त्याच्या भित्रेपणाचा राग येत नाही. भीती कुणाला चुकली आहे? पण ती भाकरी त्याला गोड कशी लागली, हे मला अजून कळलेलं नाही.

मग एका पहाटे मल्हारीला ताप भरला. विटा तर पोचवायच्या होत्या. गिरजाचा भाऊ भिवा मदतीला आला. "दाजी, तुम्ही पडून राहा. मी जाऊन येतो."

"वळणावर नारळ फोडायला विसरू नकोस," मल्हारी गोधडीतून म्हणाला.

नारळाची आठवण त्यानं केली. दिव्यांचं बोलला नाही. भिवानं कळ दाबली, पुढचे दिवे लागले, तेवढं त्याला पुरलं. मागं जाऊन बघायची सवय त्या गावात कुणालाच नव्हती. ट्रॉली धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

उजाडता उजाडता ताप वाढला. गिरजा म्हणाली, "मी शाळेत जातेच आहे. बसा मागं, वाटेत डॉक्टरकडं सोडते." तिनं त्याच्या अंगाभोवती शाल गुंडाळली, स्कुटी काढली, आणि दोघं घाटाला लागले.

धुकं दाट होतं. झाडं नव्हती, दरी नव्हती, रस्तासुद्धा स्कुटीच्या उजेडापुरताच होता. आवाज कुठून येतोय तेही कळत नव्हतं. घंटा वाजल्यासारखं काहीतरी मागं वाजलं, सायकलची असावी तशी, आणि मल्हारीनं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"भिवा पुढंच असंल," गिरजा म्हणाली. "त्याचा लाल दिवा दिसला की मी हळू घेते."

दिवा दिसणार नव्हता. ट्रॉली अगदी नाकासमोर असली तरी दिसणार नव्हता. हे त्या घाटात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस तिच्या पाठीला टेकून बसला होता.

दोन शब्द बोलायचे होते. 'दिवे नाहीत.' बस्स. पण मग ती विचारणार, झाले म्हणून का सांगितलंत? त्यानं मनाशी म्हटलं, भिवा एव्हाना शहरात पोचला असेल. त्यानं म्हटलं, वळण गेलं की सांगू. तो नुसता खाकरला.

"काही म्हणालात का?"

"नाही. काही नाही."

गिरजानं जरा पुढं वाकून बघितलं. "लाल दिवा कुठंच दिसत नाही. म्हणजे लांब गेला भिवा. रस्ता मोकळा आहे." आणि तिनं स्कुटीचा वेग वाढवला.

तेवढ्यात पुढच्या पांढऱ्या धुक्यात अक्षरं उमटली. पिवळी, मोठी, हवेत तरंगत असल्यासारखी. 'पुन्हा भेटू.' ती अक्षरं मल्हारीनं स्वतः पेंटरकडून ट्रॉलीच्या मागच्या फळीवर काढून घेतली होती. वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही मधे राहिला नव्हता.

ट्रॉली वळणावर उभी होती. विटांचं ओझं घेऊन ती धुक्यात रांगत आत्ता कुठं तिथवर पोचली होती. भिवा रस्त्याच्या कडेला नारळ हातात घेऊन वाकला होता, तो आवाजानं दचकला. दाजीनं सांगितलेलं काम तो इमानानं करत होता.

गिरजा पुढं होती, म्हणून मल्हारी वाचला. गिरजा जागीच गेली. 'दिवे झाले' हे तिनं खरं धरलं होतं, आणि तसंच खरं धरून ती गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मल्हारी एकटाच उठला आणि ट्रॉलीपाशी जाऊन बसला. त्यानं फळीखालची पिन काढली, सॉकेटचं झाकण उघडलं. आत हिरवट गंज माजला होता. गंजात नारळाच्या पाण्याचा चिकट थर होता, आणि थरात मुंग्या. सॉकेट बरोबर हुकाखालीच होतं. भूत घालवायला फोडलेला प्रत्येक नारळ तिथंच ओघळून आत गेला होता. मग तो ट्रॉलीखाली सरपटला. दिव्यांची अर्थिंगची वायर जिथं लोखंडाला आवळलेली असते, तिथं बोल्ट सैल होता आणि बोल्टखाली गंज. ट्रॉली जराशी हलली किंवा सांजेला लोखंड गार होऊन आकसलं, की वायर चिकटायची आणि सुटायची. आवळायचा एक बोल्ट, एवढंच होतं सगळं.

त्यानं सॉकेट घासून पुसलं. बोल्टखालचा गंज आणि रंग खरवडून लोखंड उघडं केलं, वायर घट्ट आवळली, वर ग्रीस फासलं. उघड्या पडलेल्या वायरला टेप गुंडाळली आणि लोंबणारी वायर वर बांधून टाकली. पिन बसवली, कळ दाबली. दोन्ही दिवे लागले. कपभर चहा निवायच्या आत काम झालं होतं. मल्हारी ट्रॉलीच्या चाकाला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. असं रडणं गावानं त्याआधी ऐकलं नव्हतं.

आता निघण्याआधी तो रोज भिवाला ब्रेक दाबायला लावतो आणि स्वतः मागं उभा राहून दिवे बघतो. हुकावर पाण्याचा थेंब पडू देत नाही. पण एक गोष्ट तो कुणाला सांगत नाही. धुकं असलं की त्या वळणाच्या पुढं, जिथं रस्ता रुंद आहे, तिथं तो ट्रॉली कडेला घेतो, खाली उतरतो आणि मागं जातो. लोकांना वाटतं नारळ फोडायला जातो. नारळ त्याच्याकडं नसतो.

तो दिव्यासमोर उभा राहतो आणि वाट बघतो. पूर्वी ज्या लुकलुकण्यानं त्याची झोप उडायची, तेच एकदा व्हावं म्हणून. "गिरजे," तो म्हणतो, "एकदाच." मागं कोणीतरी येऊन बसावं, एवढंच त्याला हवं असतं.

पण वायर त्यानं स्वतःच्या हातानं आवळली आहे. दिवा लुकलुकत नाही. मागून येणाऱ्या गाड्यांना तो लांबूनच दिसतो, त्या हळू होतात, आणि त्याला ओलांडून सुखरूप निघून जातात.

तात्पर्य: आपला मागचा दिवा आपल्यासाठी नसतो, मागून येणाऱ्यासाठी असतो. तो बिघडला तर आधी वायर बघावी. आणि तो लागत नसेल, तर लागतो असं कुणालाही सांगू नये, कारण मागून येणारं माणूस आपलंच असू शकतं.